सुरमा, शिसं आणि पृथ्वीचं वय मोजणारा माणूस

(युवकांच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



संयोजकांनी मला दिलेला विषय आहे 'विज्ञान आणि आपण'. विषय एवढा मोठा आहे की त्यावर काहीही बोललं तरी चालतं, आणि म्हणूनच त्यावरचं भाषण सहसा कुणाच्या लक्षात राहत नाही. मी शास्त्रज्ञ नाही. इंजिनिअरिंगची पदवी घेतली आणि गेली बारा-तेरा वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतोय. म्हणून आज एकाच माणसाबद्दल बोलायचं ठरवलंय. त्यांचं नाव क्लेअर पॅटरसन. अमेरिकेतल्या कॅलटेक या विद्यापीठातले भूरसायनशास्त्रज्ञ. पण त्यांच्यापर्यंत मी कुठल्या पुस्तकातून पोचलो नाही. अम्मीशी झालेल्या एका भांडणातून पोचलो. तेव्हा आधी ते भांडण सांगतो.

माझी मुलगी दीड वर्षाची होती. जेवायची नाही, रक्त कमी होतं, चिडचिड करायची. डॉक्टरांनी इतर तपासण्यांबरोबर रक्तातल्या शिशाची तपासणी सांगितली. आकडा आला ९. म्हणजे एक डेसिलिटर रक्तात ९ मायक्रोग्रॅम शिसं. हा आकडा ५ किंवा त्याहून जास्त आला तर शिसं कुठून येतंय ते शोधा आणि थांबवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. डॉक्टरांनी विचारलं, घर जुनं आहे का? रंगाचे पोपडे निघतात का? घरात कुणी बॅटरीचं काम करतं का? आणि शेवटी विचारलं, "डोळ्यांत काय घालता?"

आमच्याकडे मूल चाळीस दिवसांचं झालं की सुरमा घालतात. माझ्या नानीची पितळी सुरमेदानी अम्मीकडे आहे. सुरमा बाजारातून सुटा आणायचा, त्यावर कंपनीचं नाव नाही, घटक लिहिलेले नाहीत. मी त्यातला थोडा एका खासगी प्रयोगशाळेत दिला. अहवालात मुख्य घटक आला शिसं. सुरमा म्हणून जो काळा चमकदार दगड दळला जातो, तो पुष्कळदा गॅलेना असतो, म्हणजे शिशाचंच खनिज.

मी अहवाल घेऊन घरी आलो. अम्मी म्हणाली, "अरे, आम्ही सगळे सुरम्यावरच मोठे झालो. तुझी नानी, मी, तू. कुणाला काय झालं? तू तर इंजिनिअर झालास."

खरं सांगतो, माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुम्हीही असं वाक्य घरी कधीतरी ऐकलं असेल. सगळे करतात, सगळ्यांना आहे, कुणाला काय झालं? उत्तर शोधताना मला पॅटरसन भेटले, कारण हेच वाक्य त्यांना अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या तज्ज्ञाने ऐकवलं होतं.

पॅटरसन यांचा जन्म १९२२ चा, आयोवा राज्यातल्या एका छोट्या गावातला. वडील टपाल खात्यात. मुलाने रसायनशास्त्र घेतलं. दुसऱ्या महायुद्धात अणुबॉम्बच्या प्रकल्पावर काम केलं आणि तिथे मास स्पेक्ट्रोमीटर हे यंत्र शिकून घेतलं. एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू हे यंत्र वेगळे करून मोजतं. युद्ध संपल्यावर शिकागो विद्यापीठात हॅरिसन ब्राऊन यांनी त्यांना पीएचडीसाठी काम दिलं, खडकातलं शिसं मोजायचं.

शिसं का, ते थोडक्यात सांगतो. युरेनियम आपोआप, ठरलेल्या गतीने शिशात बदलत जातं. युरेनियम २३८ निम्मं उरायला सुमारे ४४७ कोटी वर्षं लागतात. म्हणजे हे घड्याळ आहे. किती युरेनियम शिल्लक आहे आणि त्यातून किती शिसं तयार झालंय, हे कळलं की वय काढता येतं. पण घड्याळ सुरू झालं तेव्हा शिसं किती होतं, हेही माहीत पाहिजे. त्यासाठी त्यांनी घेतला अ‍ॅरिझोनातला कॅन्यन डायब्लो हा लोखंडी उल्कापाषाण. त्यातल्या एका खनिजात युरेनियम जवळजवळ नाहीच. म्हणजे त्यातलं शिसं सूर्यमाला तयार झाली तेव्हा जसं होतं तसंच राहिलेलं. सुरुवातीचा आकडा तिथून मिळाला.

कागदावर सोपं होतं. प्रत्यक्षात काय झालं? त्यांचा सहकारी जॉर्ज टिल्टन युरेनियम मोजत होता, त्याचे आकडे नीट येत होते. पॅटरसन शिसं मोजत होते आणि त्यांचे आकडे कुठल्या कुठे जात होते. खडकात असायला हवं त्यापेक्षा कितीतरी पट जास्त शिसं येत होतं, आणि दर वेळी वेगळं.

आम्ही सॉफ्टवेअरवाले अशा वेळी काय करतो? चार दिवस शोधतो, मग सरासरी काढतो, किंवा म्हणतो की मशीनमध्ये काहीतरी आहे. पॅटरसन यांनी खडक बाजूला ठेवला आणि उलटा प्रश्न विचारला. खडक घातलाच नाही, तर यंत्र किती शिसं दाखवतं? तेव्हा कळलं की शिसं काचेच्या भांड्यात आहे, आम्लात आहे, नळाच्या पाण्यात आहे, धुळीत आहे, कपड्यांवर आहे आणि स्वतःच्या केसांत आहे. मोजणारा माणूसच मोजमाप बिघडवत होता.

मग काही वर्षं त्यांनी मुख्य काम केलं ते साफसफाईचं. आम्ल पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातित केलं, भांडी धुण्याची पद्धत बसवली. १९५२ मध्ये ते कॅलटेकला गेले आणि तिथे आतली हवा गाळून घेतलेली, बाहेरची धूळ आत येऊ न देणारी प्रयोगशाळा उभारली. आज चिप बनवणाऱ्या कारखान्यांत जशा स्वच्छ खोल्या असतात, तशाच प्रकारची. मग १९५३ मध्ये त्यांनी उल्केचं शिसं मोजलं आणि १९५६ मध्ये आकडा प्रसिद्ध केला. पृथ्वीचं वय ४५५ कोटी वर्षं, सात कोटी वर्षं इकडेतिकडे. सत्तर वर्षं होत आली, तो आकडा जवळपास तसाच टिकून आहे.

अनेकांनी इथेच थांबून उरलेलं आयुष्य व्याख्यानं देण्यात घालवलं असतं. पॅटरसन यांच्या डोक्यात मात्र वेगळाच किडा शिरला होता. माझ्या खोलीत एवढं शिसं आलं कुठून?

ते समुद्राकडे वळले. समुद्राच्या वरच्या थरातल्या पाण्यात खोल पाण्यापेक्षा कितीतरी जास्त शिसं सापडलं. पाणी वरून खाली मिसळायला शतकं लागतात. वर जास्त आणि खाली कमी, याचा अर्थ हे शिसं अलीकडे, वरून पडलंय. हवेतून. आणि हवेत शिसं सोडणारी सर्वांत मोठी गोष्ट रस्त्यावर धावत होती.

१९२१ मध्ये जनरल मोटर्समधल्या थॉमस मिजली यांना आढळलं की पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड घातलं की इंजिन ठोकत नाही. १९२३ पासून ते पेट्रोल विकायला लागले. नाव ठेवलं 'एथिल'. लेड, म्हणजे शिसं, हा शब्दच नावातून गाळला. १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या कारखान्यात हे रसायन बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. थोडे दिवस आरडाओरड झाली. मग पुन्हा विक्री सुरू झाली आणि पुढची अनेक दशकं जगभर चालू राहिली.

या उद्योगाचे शास्त्रज्ञ होते डॉ. रॉबर्ट केहो. सिनसिनाटी विद्यापीठात त्यांची प्रयोगशाळा होती, पैसा शिशाच्या उद्योगाकडून येत होता, आणि ते एथिल कंपनीचे वैद्यकीय सल्लागारही होते. शिशाच्या विषयात अमेरिकेत त्यांचा शब्द शेवटचा. त्यांचं म्हणणं असं: शिसं निसर्गात आहेच. प्रत्येक माणसाच्या रक्तात थोडं असतंच. शरीर ते बाहेर टाकतं. रक्तातला आकडा ८० च्या खाली असेल तर काळजीचं कारण नाही.

माझ्या मुलीचा आकडा ९ होता. केहोंच्या हिशोबाने ती ठणठणीत!

केहो काही खोटे आकडे लिहीत नव्हते. त्यांनी खरंच मोजलं होतं. मेक्सिकोत, कारखान्यांपासून आणि मोटारींपासून लांबच्या खेड्यात जाऊनही मोजलं. तिथल्या लोकांच्या शरीरातही शिसं सापडलं. म्हणून ते म्हणाले, बघा, नैसर्गिकच आहे. पण ते गावकरी ज्या मातीच्या ताटांत जेवत होते, त्या ताटांना शिशाचाच मुलामा होता.

पॅटरसन यांनी नेमकं इथे बोट ठेवलं. १९६५ मध्ये त्यांनी एक लेख लिहिला. त्याचा गाभा असा की 'सर्वसाधारण' आणि 'नैसर्गिक' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजच्या अमेरिकन माणसाच्या रक्तात सर्वसाधारणपणे जेवढं शिसं आहे, ते नैसर्गिक पातळीच्या सुमारे शंभर पट असावं. डॉक्टर आजारी माणसाची तुलना शेजारच्या माणसाशी करत होते. शेजारच्याच्या अंगातही विष असेल, तर दोघंही ठीक वाटणार.

डॉक्टरांना हे का दिसलं नाही आणि खडक मोजणाऱ्याला का दिसलं? मला वाटतं, यात भूशास्त्राच्या माणसाची दृष्टी आहे. डॉक्टरांचा पाया आजचा माणूस होता. पॅटरसन यांचा पाया होता माणूस येण्याआधीची पृथ्वी. खडकात किती शिसं असतं, नद्यांतून किती वाहतं, समुद्रात किती जातं, हा सगळा हिशोब त्यांना ठाऊक होता. ज्याने ४५५ कोटी वर्षं मोजली, त्याला 'पहिल्यापासून असंच आहे' हे वाक्य पटणं कठीण. तो विचारणार, पहिल्यापासून म्हणजे नेमकं कधीपासून?

तो 'कधी' शोधायला त्यांनी ग्रीनलंडचा बर्फ घेतला. तिथे दरवर्षीचा बर्फ थरावर थर साठतो, जुन्या वहीच्या पानांसारखा. १९६९ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला. इसवी सनापूर्वी ८०० च्या सुमाराच्या बर्फापेक्षा आजच्या बर्फात दोनशे पटींहून जास्त शिसं आहे, आणि सर्वांत तीव्र वाढ १९४० नंतरची. जिथे मोटार नाही, कारखाना नाही, तिथल्या बर्फात मोटारींचा धूर नोंदला गेला होता.

याची किंमत त्यांनी मोजली. उद्योगाची माणसं भेटायला आली, पुढच्या कामासाठी पैशांची गोष्ट काढली. पॅटरसन यांनी त्यांना त्यांचंच उत्पादन काय करतंय ते समजावून सांगितलं. त्यानंतर समुद्रावरच्या कामाला पेट्रोलियम उद्योगाच्या संस्थेकडून मिळणारा पैसा बंद झाला. १९६६ मध्ये सिनेटर मस्की यांच्या समितीसमोर केहो आणि पॅटरसन दोघांच्याही साक्षी झाल्या. आरोग्य खातं उद्योगाच्या आकड्यांवर विसंबून राहतं, हे चूक आहे, असं पॅटरसन यांनी तिथे सांगितलं. १९७१ मध्ये राष्ट्रीय संशोधन परिषदेने हवेतल्या शिशावर तज्ज्ञांची समिती नेमली. त्या विषयातला सर्वांत अचूक मोजणारा माणूस त्या समितीवर नव्हता. पुढच्या समितीवर घेतलं, तेव्हा १९८० च्या अहवालात त्यांना बहुमताचं म्हणणं पुरेसं वाटलं नाही. त्यांनी आपलं वेगळं मत लिहून अहवालाला जोडलं.

मी त्यांना फरिश्ता करून सांगत नाही. माणूस हट्टी होता, तिखट होता, समितीत सोबत बसायला अवघड होता. पण पद मिळवायची धडपड नव्हती. प्राध्यापक हे पद त्यांनी कॅलटेकमध्ये १९८९ साली स्वीकारलं, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षाच्या आसपास. तोपर्यंत ते संशोधक म्हणूनच राहिले.

त्यांचा एक प्रयोग मला सगळ्यांत जास्त आवडतो. ट्युना मासा. सरकारी प्रयोगशाळा सांगत होती की ताज्या माशापेक्षा डबाबंद माशात शिसं दुप्पटही नाही. म्हणजे डब्याचा फारसा दोष नाही. पॅटरसन आणि डोरोथी सेटल यांनी तोच मासा स्वच्छ खोलीत मोजला. ताज्या माशातलं शिसं सरकारी आकड्याच्या हजारावा भागही नव्हतं. आणि शिशाचं डाग दिलेल्या डब्यातल्या माशात ते ताज्याच्या चार हजार पटींहून जास्त होतं. विचार करा. मोजणाऱ्यांचे हात अस्वच्छ होते, म्हणून स्वच्छ मासाही घाण दिसत होता, आणि त्यामुळे खरा गुन्हेगार, म्हणजे डबा, सुटत होता.

पुढे काय झालं? अमेरिकेत १९७३ पासून पेट्रोलमधलं शिसं कमी करण्याचे नियम आले. याला पॅटरसन एकटे कारण नव्हते. हर्बर्ट नीडलमन यांच्यासारखे डॉक्टर मुलांच्या दुधाच्या दातांतलं शिसं मोजून त्याचा बुद्धीवरचा परिणाम दाखवत होते. नवीन गाड्यांच्या धूर स्वच्छ करणाऱ्या यंत्रणेलाही शिसं चालत नव्हतं. पण पेट्रोलमधलं शिसं उतरलं तसं लोकांच्या रक्तातलंही उतरलं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी सरासरी आकडा १२.८ होता, १९९० च्या आसपास तो २.८ झाला. जे 'नैसर्गिक' होतं, ते दहा-बारा वर्षांत पाव हिश्शावर आलं! पॅटरसन ५ डिसेंबर १९९५ ला गेले. १ जानेवारी १९९६ पासून अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिशाच्या पेट्रोलवर पूर्ण बंदी आली. जेमतेम चार आठवड्यांची चुकामूक.

आपल्याकडे चार महानगरांत शिसंविरहित पेट्रोल १९९५ मध्ये आलं आणि देशभर फक्त तेच मिळायला २००० साल उजाडलं. म्हणजे माझ्या वयाच्या माणसांचं बालपण शिशाच्या धुरात गेलं. जगात सर्वांत शेवटी अल्जीरियाने २०२१ मध्ये ते थांबवलं.

धूर थांबला, शिसं संपलं नाही. युनिसेफच्या २०२० च्या अहवालात अंदाज दिलाय की भारतात सुमारे २७ कोटी ५० लाख मुलांच्या रक्तातला आकडा ५ किंवा त्याहून वर आहे. कुठून येतं? गाड्यांच्या आणि इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या उघड्यावर फोडून शिसं वितळवण्यातून. जुन्या रंगातून. घरगुती रंगातल्या शिशावरची आपली कडक मर्यादा २०१७ पासूनची आहे, त्याआधीचे रंग अजून खिडक्या-दारांवर आहेत. भेसळीच्या हळदीतून. काही ठिकाणी शेंदरातून. आणि सुरम्यातून. हे मुद्दाम सांगतोय, कारण उद्या कुणी सुरम्याचा मेसेज फिरवून आपल्याला झोडपायला निघेल. शिसं धर्म विचारून रक्तात जात नाही. पण म्हणून आपण आपली सुरमेदानी तपासायची नाही, असंही होत नाही.

एका चाचांनी मला सुनावलं, "सुरमा सुन्नत आहे, त्यात विष कसं असेल?" मी त्यांना एवढंच म्हटलं की चाचा, सुरमा लावावा की नाही हा प्रश्न मी विचारतच नाहीये. या पुडीत काय आहे, एवढंच विचारतोय. ही पुडी गेल्या महिन्यात बाजारातून आली आहे. तिच्यात काय आहे ते प्रयोगशाळाच सांगेल. या दोन प्रश्नांची आपण गल्लत करतो, आणि त्या गल्लतीचा फायदा पुडी विकणाऱ्याला होतो.

आपल्या वस्त्यांमधून भंगाराचं आणि बॅटरीचं काम करणारे बरेच जण आहेत. धंदा बंद करा म्हणणं सोपं आहे, पोट कुणी भरायचं? पण घराच्या अंगणात बॅटरी फोडायची नाही, कामाचे कपडे घरी आणायचे नाहीत, मुलांना जवळ घ्यायच्या आधी अंग धुवायचं, एवढं सांगणं आपल्या हातात आहे. बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकणारे नियम २००१ पासून आहेत, २०२२ मध्ये ते नव्याने आले. ते आपल्या गल्लीपर्यंत का पोचले नाहीत, हा प्रश्न महापालिकेला आणि प्रदूषण मंडळाला विचारणंही आपल्याच हातात आहे. तुमच्यातले जे लॅब टेक्निशियन आहेत, डीएमएलटी करतायत, त्यांना सांगतो, वस्तीतल्या दहा मुलांची तपासणी झाली तरी बोलायला आकडा मिळेल. नुसती तक्रार घेऊन गेलो तर टेबलावरून परत पाठवतात.

माझ्या घरचं सांगून थांबतो. सुरमा बंद केला, खिडक्यांचे जुने रंग काळजीपूर्वक काढून घेतले, मुलीला लोहाची औषधं दिली. आठ महिन्यांनी आकडा ४ आला. सुरम्यामुळेच ९ झाला होता, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. एकाच वेळी तीन गोष्टी बदलल्या, मग कुणाचा किती वाटा ते कसं कळणार? पॅटरसन असते तर मला वर्गाबाहेर काढलं असतं. पण बाप म्हणून मी एकेक करून बघत बसलो नाही.

आणि अम्मी? तिच्या प्रश्नाचं उत्तर मी शेवटी असं दिलं, "अम्मी, कुणाला काय झालं ते आपल्याला माहीत नाही, कारण आपण कधी मोजलंच नाही." ती काही बोलली नाही. सुरमेदानी तिने फेकली नाही, धुऊन कपाटात ठेवली आहे, नानीची आठवण म्हणून. मागच्या रमजानमध्ये आम्ही बाजारात गेलो होतो. अत्तराच्या दुकानात सुरम्याच्या पुड्या मांडल्या होत्या. दुकानदार म्हणाला, "घ्या खाला, एकदम असली आहे." अम्मीने पुडी उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, "असली आहे ते ठीक. पण याच्यात काय आहे, कुठे लिहिलंय?"

दुकानदाराकडे उत्तर नव्हतं. हा प्रश्न त्याला आणखी दहा जणांनी विचारला तर तो उत्तर शोधायला लागेल.

आता तुमचे प्रश्न घेऊ.